वर म्हणजे कुठे

आमच्या गावात फिरायला कोणी जात नाही. चालतात सगळेच, दिवसभर चालतात, पण हातात काहीतरी असतं. विळा असतो, दुधाची किटली असते, शेळीचं दावं असतं. निदान मोटारीचा जळालेला फ्यूज तरी असतो. रिकाम्या हाताने चाललेलं माणूस दिसलं की लोक विचारतात, "काय झालं?" त्यावर "काही नाही, सहज" असं उत्तर दिलं, तर आपण पुढच्या दारापर्यंत पोचायच्या आत आपल्या घरात भांडण झाल्याची बातमी तिथे पोचलेली असते.

हे आधी सांगितलं, कारण दुसऱ्या वर्षाला मी भूगोल घेतला आणि भूगोलाच्या मॅडमनी आम्हाला फिरायला लावलं.

प्रकल्पाचं नाव होतं 'सोप्या पायवाटा'. आपापल्या गावात दोन तासांत चालून होईल, वयस्कर माणसालाही जमेल, अशी एक वाट शोधायची. ती पावलांनी मोजायची. मग एका पानावर अशी लिहायची की बाहेरचा माणूस कोणालाही न विचारता, फक्त ते पान वाचून चालत जाईल आणि परत येईल. ज्याचं पान चांगलं त्याच्या गावाला जानेवारीतल्या एका रविवारी सगळा वर्ग येणार होता. आणि फेब्रुवारीत कोकणात चार दिवसांची क्षेत्रभेट होती, समुद्राच्या किनाऱ्याने चालण्याची. तिच्यासाठी पालकांच्या सहीचा फॉर्म होता.

मला समुद्र बघायचा होता. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगताना कसंतरी वाटायचं. भरती-ओहोटीची आकृती काढून मी पेपरात पूर्ण गुण मिळवले होते, आणि गावच्या पाझर तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे एखादी गोष्ट कॉलेजात सगळेच करतात की मॅडमच्या डोक्यातून आली आहे, हे घरी कोणाला ठरवता येत नाही. मलाही येत नाही.

फॉर्म घेऊन मी दादांसमोर उभी राहिले. दादा म्हणजे माझे वडील. ते ओट्यावर बसून कांद्याची रोपं निवडत होते.

"काय करायचं तिथं चार दिस?"

"चालायचं."

"कुठं?"

"समुद्राच्या कडंकडंनं."

"कुनाकडं?"

"कुनाकडं न्हाई. नुसतं चालायचं आन् बघायचं."

दादांनी हातातलं रोप खाली ठेवलं. "चालायला कॉलेजात जावं लागतंय व्हय? मंग मी आतापतुर लई मोठा सायेब झालो आस्तो."

आई आतून म्हणाली, "तुमी चाललात खरं, पन बघितलं कुठं?"

दादांनी तिकडे लक्ष दिलं नाही. फॉर्म घडी करून त्यांनी कॅलेंडरच्या मागे खोचला. "रविवारी तुजा वर्ग आला गावात, तर बघतो त्यांचं चालनं. मंग सईचं बघू."

म्हणजे माझं पान निवडलं गेलं पाहिजे होतं, आणि रविवारी सगळं नीट पार पडलं पाहिजे होतं. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच वही-पेन घेऊन निघाले.

पहाटे निघणं ही चूक होती. आमच्या गावात संडास आता सगळ्यांकडे आहेत. काहींच्या संडासात सरपण आहे, एकाच्या संडासात कोंबड्या आहेत, पण संडास आहेत. मागे काही दिवस पंचायतीचं पथक पहाटे वही घेऊन तळ्याकडे यायचं आणि उघड्यावर बसणाऱ्यांची नावं लिहून घ्यायचं. ती धास्ती लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही. मी तळ्याच्या वाटेला लागले, पावलं मोजत होते, आणि दर शंभर पावलांना थांबून वहीत आकडा लिहीत होते. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा रुईच्या झुडपामागून एक जण उठला आणि घाईघाईने निघून गेला. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा बाभळीमागून दोघी उठल्या. त्यातली एक मला बघून मोठ्याने म्हणाली, "मी शेण गोळा कराया आली गं!" तिच्या हातात तांब्या होता.

त्या दिवशी संध्याकाळी ती बाई तांब्याभर ताक घेऊन घरी आली. ताक आईच्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "तेवढं माजं नाव खोड की."

मी वही उघडून दाखवली. वहीत फक्त आकडे होते. ती बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिली. "ह्यातला माजा कंचा?" तिने विचारलं.

शेवटी मी एक आकडा खोडला. तेव्हा ती गेली.

मग मी वेळ बदलली. दुपारी मोजायला लागले. ही दुसरी चूक झाली.

वाटेचा शेवटचा तुकडा आमच्या शेताच्या कडेने येतो. आमचं शेत डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि त्याला लागून तात्यांचं शेत. तात्या म्हणजे दादांचे चुलतभाऊ. दोघांच्या मधे बांध आहे, बांधावर हद्दीचा दगड आहे, आणि तो दगड कोणीतरी हातभर सरकवला आहे असं दोघांचंही म्हणणं आहे. फक्त तो कोणी सरकवला यावर एकमत नाही. तीन वर्षं ते एकमेकांशी बोललेले नव्हते. अगदी बोलायचीच वेळ आली तर दादा आमच्या म्हशीशी बोलत, तात्या त्यांच्या कुत्र्याशी बोलत, आणि दोघांनाही सगळं नीट ऐकू जात असे.

अशा बांधाच्या कडेने मी एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजत चालले होते. तात्या ज्वारीत उभे होते. ते कुत्र्याला म्हणाले, "बघून घे रं. सरकारी मोजनी आनाया लागलीत."

दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी घरून प्लास्टिकची खुर्ची आणून बांधाशी टाकली आणि दिवसभर तिथे बसायला लागले. मी आईला विचारलं, काय करू? आई म्हणाली, "मनातल्या मनात मोज."

मी तसंच मोजलं. पान लिहिलं. चार वेळा लिहिलं. सुरुवात अशी होती: 'मारुतीच्या देवळापासून निघावे. वर जावे. सातशे पावलांवर तलाव लागतो. तलावाच्या काठाने जावे...' मॅडमनी सोबत दिलेल्या छापील तक्त्यात 'किनारी भाग असल्यास नोंदवावा' असा एक रकाना होता. मी बराच विचार करून तिथे 'आहे' असं लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासले. दादांना मनातल्या मनात वाचता येत नाही, म्हणून मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दादा म्हणाले, "बराबर हाय. हे तर लेकरूबी जाईल."

माझं पान निवडलं गेलं. ते चांगलं होतं म्हणून, की वेळेत पान देणाऱ्या बाकीच्या चौघांनी एकाच गावाची वाट एकमेकांचं बघून लिहिली होती म्हणून, हे मी मॅडमना विचारलेलं नाही.

रविवारी सकाळी पारनेरच्या एसटीने मॅडम आणि वीस जण आले. उरलेल्या अकरा जणांची गाडी चुकली. ते मागच्या टमटमने येणार होते. त्यांच्यात एक नगरचा मुलगा होता. तो दर रविवारी किल्ल्यावर जातो असं सांगायचा आणि त्याचे बूट खास चालायचे होते. मॅडम म्हणाल्या, "आपण थांबायला नको. त्यांच्याकडे पान आहे. फक्त पान वाचून येता येतं का, हेच तर बघायचंय."

मला हे ऐकून आनंद झाला होता, हे मी खरं सांगते.

आम्ही निघालो. गाव दारात उभं होतं. वीस-एकवीस माणसं रिकाम्या हाताने, एका ओळीत, सावकाश चालली आहेत असं आमच्या गावाने फक्त मयतीला पाहिलेलं आहे. एका आजोबांनी टोपी काढली आणि मला विचारलं, "कोन गेलं गं?"

"कुनी न्हाई आजोबा. फिराया चाललोय."

"बरं बरं," ते म्हणाले, पण टोपी त्यांनी आम्ही दिसेनासे होईपर्यंत घातली नाही.

तळ्यावर पोचलो तेव्हा मॅडमनी पान उघडलं. "किनारी भाग," त्यांनी वाचलं, आणि समोर बघितलं. जानेवारी असल्यामुळे तळं अर्धं झालं होतं. चिखलाला भेगा पडल्या होत्या. मोटारींचे काळे पाइप पाण्यात गेले होते, चार म्हशी गळ्यापर्यंत बसल्या होत्या आणि त्यांतल्या एकीच्या डोक्यावर बगळा उभा होता. कोणीतरी मागे हसलं. माझे कान गरम झाले.

पण मॅडम खाली वाकल्या आणि चिखलावर दिसणाऱ्या रेषांवर बोट ठेवलं. पाणी जसजसं उतरलं तशी एकेक रेघ राहिली होती. "पाणी कुठेकुठे थांबलं होतं ते इथे दिसतं," त्या म्हणाल्या. "याला किनाराच म्हणायचं. मोजा रेघा."

वीस जण चिखलात वाकून रेघा मोजायला लागले. ही बातमीही गावात पोचली असणार. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. नगरचा मुलगा होता.

"आम्ही आलोय. देवळापासून निघालो. तुम्ही कुठे आहात?"

"वर."

"आम्ही पण वर चाललोय."

"मग बरोबर. या अजून वर."

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "अजून?"

"हो. वाट एकदम सोपी आहे."

"सोपी?" पुन्हा श्वास. "एका मुलीची चप्पल तुटली."

"सावकाश या. वरच या, कुठे वळू नका."

"अगं, आता वर फक्त पवनचक्की आहे. तिच्यावर चढायचं का?"

मी काही बोलणार तेवढ्यात फोन कट झाला. मी मान वळवून डोंगराकडे बघितलं. तिथे, पवनचक्कीच्या खांबाखाली, रंगीत ठिपके दिसत होते. मी ते मोजले. अकरा होते.

आता सांगते. आमच्या गावात 'वर' म्हणजे मावळतीला. 'खाली' म्हणजे उगवतीला. शेताचं वरचं टोक, खालचं टोक, वरची आळी, खालची वस्ती, सगळं याच हिशोबाने. पंगतीत बसतानासुद्धा म्हणतात, "जरा वर सरक." आणि सगळे मावळतीकडे सरकतात. तळं मावळतीला आहे, म्हणून तळं वर आहे. डोंगर उत्तरेला आहे. डोंगर कितीही उंच असला तरी तो वर नाही. हे मला इतकं माहीत होतं की माहीत आहे हेच माहीत नव्हतं. मी पानावरचे सगळे शब्द तपासले होते. 'वर' या शब्दात तपासण्यासारखं काय असणार?

मी मॅडमना सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तळ्याच्या बांधावरून दादा येताना दिसले. खांद्यावर खोरं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. कांद्याला पाणी देत असल्यामुळे सकाळपासून ते मला दिसले नव्हते, पण त्यांना आम्ही दिसत होतो हे आता कळलं.

"ती तुमचीच मान्सं का?" त्यांनी डोंगराकडे हनुवटी उडवून विचारलं. "त्यांची शेळी हारवली का काय?"

मी मान खाली घातली. कॅलेंडरच्या मागचा फॉर्म माझ्या डोळ्यांसमोर आला.

आम्ही सगळे डोंगराच्या पायथ्याकडे निघालो. दादा पुढे, मॅडम मागे, मग वीस जण. दादा चालत होते ते आम्हाला धावल्यासारखं वाटत होतं. अर्ध्या वाटेत पाहिलं तर पवनचक्कीखाली कोणी नव्हतं. दादा थांबले, हवेचा वास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हुरडा भाजतंय कुनीतरी," ते म्हणाले. धूर तात्यांच्या शेतातून येत होता.

बांधाशी आलो तर समोर असं दिसलं. तात्यांच्या ज्वारीच्या कडेला गोवऱ्यांची आगटी पेटली होती. पोत्यांवर अकरा जण बसले होते. तात्या स्वतः कणसं भाजून, हातावर चोळून, त्यांच्या पुढ्यात गरम हुरडा टाकत होते. लसणाची चटणी होती, गूळ होता. नगरच्या मुलाला प्लास्टिकची खुर्ची दिली होती. एरवी तात्या हुरड्याचं कणीस सख्ख्या जावयालाही मोजून देतात.

दादा बांधावर थांबले. पलीकडे पाऊल टाकलं नाही. आमची म्हैस शेजारीच चरत होती. तिच्याकडे बघून दादा म्हणाले, "म्हशे, इचार त्यांना. आमची पाव्हनी कशापायी बसवून घेतलीत?"

तात्या कुत्र्याला म्हणाले, "सांग रं त्याला. पाव्हनी न्हाईत, सरकारी मान्सं हायेत. हातात मोबाईल धरून डोंगरावरनं समदं बघून आल्यात. आता कळंल दगड कुनी सरकवला ते."

"आम्ही एस.वाय. बी.ए. आहोत," नगरचा मुलगा तोंडात हुरडा असतानाच म्हणाला.

"कंच्याबी खात्याचं आसा," तात्या म्हणाले. "खा आन् मोजा."

मग मॅडम पुढे झाल्या, स्वतःची ओळख सांगितली, आम्ही सगळे विद्यार्थी आहोत असं सांगितलं. तात्या ऐकत गेले आणि त्यांच्या हातातलं कणीस हळूहळू खाली येत गेलं. शेवटी त्यांनी आगटीकडे बघितलं, अकरा जणांच्या पुढ्यातल्या दाणे काढलेल्या कणसांच्या पिशांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी एक पाऊल मागे सरकले.

"पण तुम्ही डोंगरावर कशाला गेलात?" मॅडमनी मुलांना विचारलं.

नगरच्या मुलाने मोबाईलवरचं पान दाखवलं. "लिहिलंय, वर जावे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "मॅडम," मी म्हणाले, "वर म्हणजे... वर." आणि हाताने तळ्याकडे दाखवलं.

"ते वर आहे?" मुलगा म्हणाला. "मग हे काय आहे?" त्याने डोंगराकडे बोट केलं.

"वर म्हंजी मावळतीला!" दादा आणि तात्या एकदम म्हणाले.

दोघेही दचकले. तीन वर्षांत त्यांनी एकच गोष्ट म्हणण्याची ही पहिली वेळ होती. दादांनी म्हशीकडे बघितलं, तात्यांनी कुत्र्याकडे.

"पण डोंगर तर उंच आहे," मुलगा म्हणाला. तो डोंगर तो नुकताच चढून आला होता, त्यामुळे मागे हटायला तयार नव्हता.

"उंच आसंल," तात्या म्हणाले. "म्हनून काय तो वर हाय का? डोंगर कडंला हाय."

मॅडम हसल्या नाहीत. त्या दादांकडे वळल्या. "मावळतीलाच वर का म्हणतात?"

मला वाटलं दादा म्हणतील, म्हंत्यात. पण दादांनी खांद्यावरचं खोरं उतरवलं, दोन पावलं चालत जाऊन कांद्याच्या वाफ्याचं दार फोडलं आणि पाणी सोडलं. पाणी सरीतून उगवतीकडे पळायला लागलं.

"ह्याला इचारा," दादा म्हणाले. "पानी जिकडनं येतंय ते वर. जिकडं जातंय ते खाली. आपल्या हितं समदं पानी मावळतीकडनं येतंय. वढ्याचं, नदीचं, समदं. मान्सानं न्हाई ठरवलं ते."

मॅडमनी पळणाऱ्या पाण्याकडे बघितलं. मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, "लिहून घ्या."

एकतीस जणांनी लिहून घेतलं. मीही लिहिलं. दादांनी सांगितलेलं मी वहीत लिहीत आहे, हे दादा बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. पाण्याचं दार बुजवायचं तेवढं ते विसरले, इतकंच.

ते पाणी वाफा भरून बांधाकडे आलं. तेव्हा तात्या उठले. "बघा मॅडम, बघा! ह्याचंच पानी माजा बांध खातं. दर साली हातभर माती घिऊन जातं, आन् हा म्हंतो दगड मी सरकवला!"

"मी कवा म्हनलो? तूच म्हनलास!"

"तू म्हशीला म्हनलास!"

"आन् तू कुत्र्याला!"

बराच वेळ हे चाललं. मॅडमनी मुलांना खूण केली आणि आम्ही आईने भाकरी करून ठेवल्या होत्या तिकडे निघालो. अकरा जणांना भूक नव्हती. मागून दोघांचे आवाज येत होते. आईने पदराने हात पुसत कान दिला आणि म्हणाली, "भांडत्यात. पन तोंडानं भांडत्यात. चांगलंच झालं."

संध्याकाळी सगळे गेले. दादा ओट्यावर बसले. मी स्वतःहून फॉर्मचा विषय काढला नाही. जेवण झाल्यावर दादांनीच कॅलेंडरच्या मागून तो काढला.

"चौदा यत्ता शिकल्यात ही पोरं," ते म्हणाले. "आन् त्यांना वर कळंना."

मी भांडी गोळा करत राहिले.

"खुर्चीवाला तो पोरगा, त्याला तर उगवत-मावळतबी कळंना. मी इचारलं, उगवत कुठंय, तर मोबाईल काढाया लागला. सूर्य समोर आन् हा मोबाईल काढतोय. आशांबरुबर तुला समुद्रावर पाठवायचं?"

चूक माझी होती, त्यांची नव्हती, हे मला सांगायचं होतं, पण त्याआधीच दादांनी विचारलं, "समुद्राला बांध आस्तो का?"

"न्हाई."

"कडंला खुना, दगड, काय?"

"न्हाई दादा. नुसतं पानी."

दादांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. "मंग तर ही पोरं हारवत्यात," ते म्हणाले. "लोकांची लेकरं हायेत. त्यांच्यात एकाला तरी वाट कळाया पायजे." आणि माझ्याकडे हात पुढे केला. "पेन आन."

सही करायला त्यांना थोडा वेळ लागतो. सही झाल्यावरही त्यांनी पेन ठेवलं नाही. खाली एक रकाना होता, 'पालकांच्या काही सूचना असल्यास'. मला माहीत आहे, तो कोणीच भरत नाही. दादांनी तो पूर्ण भरला. मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर ओढत लिहिलं: 'मुलं हरवतात. मुलीला पुढं ठेवावं.'

हा फॉर्म मॅडमना देताना मी तो घडी करून, उलटा करून दिला. मॅडमनी तो उघडून वाचला आणि फाइलला लावला.

फेब्रुवारीत आम्ही कोकणात गेलो. पहिल्या सकाळी वाळूवर उतरलो तेव्हा मी समुद्राकडे बघत उभी राहिले. त्याचं वर्णन करायचा मी वहीत दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ते भरती-ओहोटीच्या उत्तरासारखं झालं, म्हणून इथे करत नाही. मॅडमनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि मला म्हणाल्या, "तू पुढे हो. पालकांची सूचना आहे." मागून नगरचा मुलगा ओरडला, "आता वर जायचं की खाली, ते नीट सांग हं!"

मी मावळतीकडे बघितलं. तिकडे समुद्र होता, आणि तो खालीच होता, यात शंका नव्हती. मग मागे वळून उगवतीकडे बघितलं. तिकडे डोंगर होते. शेजारी एक छोटी नदी समुद्राला मिळत होती, उगवतीकडून येऊन मावळतीकडे जात होती. मी मॅडमना एक मिनिट मागितलं आणि घरी फोन लावला.

"दादा, हितं मावळतीला समुद्र हाय."

"आसंल."

"आन् डोंगर उगवतीला हायेत. नदी मावळतीकडं जाती."

"म्हंजी पानी वर चाललंय?"

"न्हाई दादा. हितं वर म्हंजी उगवतीला."

दादांच्या मागून दुसरा एक आवाज आला, "काय म्हनती पोरगी?" आवाज तात्यांचा होता. अगदी जवळून, एकाच ओट्यावर बसल्यासारखा.

"म्हनती, कोकनात वर उगवतीला हाय," दादांनी त्यांना सांगितलं. थेट सांगितलं, मधे म्हैस नव्हती.

तात्या ठामपणे म्हणाले, "न्हाई, चुकली आसंल. तिला म्हनावं, पुन्यांदा मोज."